अहवालात नसलेलं नाव

प्रिय लोर्ना,

तुझ्या मुलाच्या, कोडीच्या मरणाची चौकशी पोलिसांबाहेरच्या माणसांनी केली आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला झाला. गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या पोलिसाचं नाव त्यात नाही. खाजगी बाब, म्हणे! कोडीच्या रक्तात काय सापडलं, ते मात्र ओळीओळीने छापलंय.

कोडी गेला तेव्हा मी तुझ्याकडे मॅकरोनी पाठवली होती. काल तू तिचं भांडं परत आणलंस. रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात घरी केलेले गोड बटर टार्ट भरलेस. दारातच म्हणालीस, "अगं ब्रेंडा, तुझा गार्थ पोलिसातच आहे ना? विचार की त्याला. मला भांडायचं नाहीये गं, फक्त नाव हवंय."

"विचारते," मी म्हणाले.

काय विचारू, लोर्ना? गोळी माझ्या नवऱ्याने, गार्थनेच झाडली. त्या दिवशी तो घरी येऊन ढसाढसा रडला आणि मी त्याला जवळ घेतलं.

हे पत्रही मी तुला देणार नाही, मला माहीत आहे.

संध्याकाळी गार्थने दोन टार्ट खाल्ले. "मस्त झालेत. कुणी केले?" म्हणाला.

मी तुझं नाव सांगितलं नाही.

तुझी म्हणवून घ्यायला लाजणारी,
ब्रेंडा