सुभाताईचं बॅनर

पुणे

धर्मराजदादा, सरूचा तुला आणि आईला नमस्कार.

मी बरी हाय, जेवणाची आबाळ न्हाई. छावणीत जनावरांना चारा पुरतो का? गावात टँकर रोज येतो का? आईच्या गुडघ्याचं कसं हाय?

फोनवर बोलता येईना, म्हणून लिहिते. आमच्या जाहिरात कंपनीला एका साखर कारखान्याचं बॅनर करायचंय. त्यांनी धाडलेल्या फोटोंतून साहेबांनी एक निवडला, डोक्यावर उसाची मोळी घेतलेल्या बाईचा. दादा, ती आपली सुभाताई हाय. उसाची गाडी उलटून ती गेली, त्याच हंगामातला फोटो.

मी म्हणलं, "सर, दुसरा घ्या. ही माझी बहीण. वारली ती."

त्यांनी फोटो परत बघितला. मग म्हणाले, "कारखान्याला हाच पसंत आहे. फक्त थकलेली दिसते. हसरी कर."

दुसऱ्या कुणी तिच्या तोंडाला हात लावावा, हे सोसवेना. म्हणून मीच कंप्युटरवर बसले. डोळ्यांखालचं काळं पुसलं. पण ताईचा हसलेला एकबी फोटो आपल्याकडं न्हाई. शेवटी कुण्या परक्या बाईचं हसू तिच्या ओठांवर बसवलं. हापिसात सगळ्यांना लई आवडलं.

ते बॅनर धारूरच्या स्टँडसमोर लागणार हाय. आईला तिकडं नेऊ नको. तिनं बघितलंच, तर म्हणेल, माझी सुभा अशी हसत न्हवती. तवा तिला माझं नाव सांगू नको.

ताईच्या लेकरांना जवळ घे.

तुझी सरू