कोरडी कोशिंबीर

रविवार, २१ जानेवारी १९६२, अमरावती

बाजारातून गाजरं, मुळे, पत्ताकोबी आणली. सगळं चिरून ओल्या फडक्यात, माठाशेजारी! दोन दिवसांच्या डब्याची सोय झाली. चिरता चिरता तंद्री लागली. गाजराच्या चकतीत मधोमध पिवळं ऊन असतं. अर्धा तास त्या उन्हात फिरून आले — तोवर भात करपला.

मंगळवार, २३ जानेवारी

शाळेत माझ्या डब्याची आता वाट पाहतात! नोकरीला लागले तेव्हा सहा महिने एकटीच जेवायची. मग शिवण शिकवणाऱ्या माणिकबाईंनी बोलावलं. 'शालूबाई, कोरडंच आनत जा. मीठ-दही मी घालतो, नाईतर पानी सुटते.' अगदी खरं! माझ्या फोडी त्या आपल्या ताटलीत कालवतात आणि मला हात उंच धरून वरून वाढतात. नेम पक्का! मला हसूच येतं. या गावात मला मैत्रीण मिळाली.

गुरुवार, २५ जानेवारी

सकाळी कसल्या तरी नादात घरीच मीठ-लिंबू घालून बसले. माणिकबाईंनी डब्यात पाहिलं. 'आज मले उपास हाय.' मग त्यांनीच खिडकीशी बसून भाकर खाल्ली. उपास विसरल्या असतील.

रविवार, २८ जानेवारी

वलगावला गेले. आईला ही गंमत सांगितली. ती हसली नाही. 'काहून एवढी भोळी तू? कोरडं चालते त्यायले. आपल्या हातचं मीठ लागलं का बाटते. आपन बौद्ध झालो, पन त्यायच्यासाठी होतो थेच!'

एवढी शिकले, मास्तरीण झाले, आणि हे मला कळू नये! खूप रडले. लाज याची वाटते की माणिकबाई मला अजून हव्या आहेत. मोटारीत बसल्या बसल्या ठरवलं — उद्यापासून मीठ घालूनच नेईन. पुन्हा एकटीनं जेवावं लागलं तरी.

सोमवार, २९ जानेवारी

डबा उघडून मधोमध ठेवला. 'माणिकबाई, मीठ घातलंय. यापुढं घातलेलंच आणीन. का ते तुम्हाला ठाऊक आहे.' त्या मान खाली घालून जेवत राहिल्या. डबा भरलेलाच घरी आणला. पाणी सुटलं होतं.

बुधवार, ३१ जानेवारी

एकटीच.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

माणिकबाई उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या डब्यातला घास बोटांनी उचलला, सगळ्यांदेखत खाल्ला. म्हणाल्या, 'मीठ कमी हाय, शालूबाई.'