भांडं पायरीवर ठेवू नकोस

मळ्यावरून, आयोवा
मंगळवार, २९ ऑक्टोबर

प्रिय लॉवेल,

तुझी पाठ कशी आहे? दिवसभर हार्वेस्टरवर बसल्यावर ती कुरकुरल्याशिवाय राहिली नसणार. जोलीनचा गुडघा? तिला म्हणावं, जिन्याशी हट्ट धरू नकोस, तो हरत नाही. आणि तुमचा म्हातारा कुत्रा टपालवाल्यावर अजून भुंकतो ना? मग तोही ठणठणीत. मी बरी आहे. हार्लनही बरा आहे. सकाळी अर्धं अंडं खाल्लं.

शनिवारी आमचा मका काढायला सगळी शेजारमंडळी आपापली यंत्रं घेऊन आली. आजारी माणसाचं पीक आपल्याकडे उभं राहू देत नाहीत, तेव्हा त्याचं नवल नव्हतं. पण त्या रांगेत तुझं यंत्र दिसलं आणि माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला.

आम्ही बायकांनी काय दिवे लावले ते तू पाहिलंसच. सगळ्यांचे स्लो कुकर, ती विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारी भांडी, शेडमध्ये एकाच प्लगला! फ्यूज कधीच उडाला होता, पण झाकण उघडायचं नाही हा नियम, मग कळणार कसं? दुपारी शेजारच्या बर्निसने भांड्याला हात लावला आणि ओरडली, "अगं बाई, हे तर विहिरीसारखं गार!" तू पाणी प्यायला आला होतास. न विचारता मागच्या खांबापाशी गेलास, फ्यूज बदललास आणि म्हणालास, "बायांनो, हे शेड आहे, वीजघर नव्हे." किती हसलो आम्ही! तू आणि हार्लन, तुम्हा दोघा भावांनीच ओढलेल्या तारा त्या. तुला कशाला विचारावं लागतंय?

पण जेवण गरम होईस्तोवर तू परत शेतात. संध्याकाळी न जेवताच गेलास. सगळे जेवले, तू तेवढा उपाशी. ते मला लागलंय.

हार्लन खिडकीपाशी होता. मी काही सांगितलं नव्हतं. तोच म्हणाला, "तो वळणावर यंत्र डावीकडे घेणारा लॉवेलच ना? गाढवाला अजून सरळ ओळ धरता येत नाही." तेव्हापासून खुर्ची तिथून हलवू देत नाही.

आज तुझ्या वाट्याच्या टिक्क्या केल्या. हार्लनने वाढवलेल्या शेवटच्या खोंडाचा खिमा होता. त्यात भिजवलेला पाव, कांदा, अंडं. तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल केल्या आणि मश्रूमच्या दाट रश्शात मंद आचेवर ठेवून मी कोंबड्यांकडे गेले. तुला ठाऊक आहे, माझी पाठ वळली की हार्लन झाकण उचलतो. आयुष्यभर रागावले मी त्याला. "दर खेपेला वाफ जाते रे, जेवण लांबतं!" आज परत आले तर झाकण जसंच्या तसं. ओट्यावर रश्शाचा एक थेंब नाही. लॉवेल, तिथेच बसले मी.

तो बरा आहे असं वर लिहिलंय, ते खोडत नाही. सकाळी ते खरंच वाटत होतं. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसला तर देवाची कृपा.

ओढ्याकाठच्या कुरणावरून तुम्हा भावांचं जे भांडण झालं त्यात मी पडत नाही. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, एवढंच मला कळतं. तू आलास. तुझे उपकार मानायला मला शब्द पुरत नाहीत, म्हणून ही टिक्क्यांची भरपाई.

बर्निस तुमच्याच रस्त्याने निघाली आहे, तिच्याबरोबर भांडं पाठवते. बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव आहे, म्हणजे ते परत यायलाच हवं. आणि रिकामं परत करायची तुमच्या आईची रीत नव्हती. जोलीनच्या भाजलेल्या सफरचंदांतली दोन टाक. हार्लनला वासानेही बरं वाटेल.

पण पायरीवर ठेवून जाऊ नकोस. आत ये. त्याच्या खुर्चीशेजारी दुसरी मांडून ठेवली आहे. उत्तर लवकर लिही. लिहायला सुचलं नाही, तर भांडंच लवकर आण.

दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

तुझी वहिनी,
आर्डिस