पत्र्याच्या पेटीतली डिस्क पुसू नये

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. सकाळी नळाचे पाणी भरले. दहाला दवाखान्यात गेलो. प्रकृती ठीक आणि बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, ते सोबत जोडले आहे. जेवण करून लिहायला बसलो.

मी, पुंजाजी तुळशीराम अंभोरे, वय ६९, राहणार डोणगाव, वीज उपकेंद्रातील निवृत्त ऑपरेटर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. पत्नी भिमाबाई ऑगस्टमध्ये वारली.

१. राहते घर मुलगा प्रसेनजित व मुलगी समता यांना अर्धे-अर्धे. मध्ये भिंत घालू नये.

२. पोस्टातील ठेव समताची. आईच्या आजारपणात ती आठ महिने इथे राहिली. यावर प्रसेनजितने बोलू नये. तो बोलणारही नाही.

३. लोखंडी शिडी चुलतभाऊ कचरूने सहा वर्षांपूर्वी नेली. ती त्यालाच राहू द्यावी. मात्र पुढचे कलम त्याला वाचून दाखवावे.

४. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणारी मशीन. २०११ साली भारनियमन होते. संध्याकाळी सातला गावची लाईन बंद करण्याची पाळी बहुधा माझी असे, आणि सातलाच भिमाबाईची मालिका लागे. "तुमीच खटका पाडता अन् माही मालिका बुडते," ती म्हणायची. तयार मशीन परवडणारी नव्हती. म्हणून प्रसेनजितचा जुना कॉम्प्युटर, त्यात टीव्हीचे कार्ड, एक मोठी डिस्क, छत्रीचा (डिश अँटेनाचा) बॉक्स आणि इन्व्हर्टरची बॅटरी एवढ्यावर मी ती जुळवली. बॅटरी टीव्हीला पुरत नसे, मशीनला पुरे; साठवलेली मालिका लाईन आल्यावर पाहायची. कॉम्प्युटर तिच्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत बसवला. वाऱ्यासाठी पेटीला भोके पाडली तेव्हा तिने पेटीतून काढलेल्या साड्या माझ्या खाटेवर आणून टाकल्या. कचरू म्हणाला, "काऊन बे पुंजा, भंगाराचा धंदा सुरू केला का?"

पहिल्या दिवशी वेळ लावून मी ड्युटीवर गेलो. चूक माझीच झाली. आवाज बॉक्समधून घ्यायचा, तो कॉम्प्युटरच्या माईकवर राहिला. चित्र मालिकेचे आले आणि आवाज आमच्या खोलीचा. लाईन गेलेली, भिमाबाई आणि शेजारच्या शालूबाई पेटीजवळ बसलेल्या.

"हे डबडं चालन का वं?" शालूबाईंनी विचारले.

"त्यायनं केलं म्हणजे चालनच. बोलत नाही माणूस, पण हातचं काम सोडत नाही."

माझ्या तोंडावर ती असे कधी बोलली नव्हती. मी ते एकट्याने ऐकले. मालिका आली नाही, एवढेच तिला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी जोडणी सुधारली. पुढे चार वर्षे तिची एकही मालिका बुडाली नाही.

घरात व्हिडिओचा मोबाइल आला तोवर घशाच्या ऑपरेशनने तिचा आवाज गेला होता. तो आता फक्त या डिस्कवर आहे. दिवाळीत प्रसेनजित म्हणाला, "बाबा, जुन्या मालिका कोण पाह्यते? डिस्क पुसून देतो, कामी येईल." मी नको म्हणालो, कारण सांगितले नाही. कारण हे आहे.

मशीन प्रसेनजितला द्यावी. त्याने समताला शेजारी बसवून 'पहिली' नावाची फाइल ऐकावी व दोघांसाठी एकेक प्रत करावी. तोवर डिस्कवरचे काहीही पुसू नये. सुरू होईल का, ही काळजी करू नये. दर रविवारी मी ती चालवून पाहतो.

सही: पुंजाजी तुळशीराम अंभोरे

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. गोविंदा नामदेव काळे (सही)
२. शालूबाई रामराव खरात (सही)

स्थळ: डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा

कागद वाचून सह्या झाल्यावर शालूबाईंनी विचारले, "डबडं म्हटलं होतं का हो मी?" मी हो म्हणालो. चहा घेऊन दोघे गेले. कपबश्या विसळून पालथ्या घातल्या. मग पेटीच्या भोकांवरची धूळ ब्रशने काढली.