न मळलेला नान

इस्फारा
मे महिन्याचा दुसरा मंगळवार

आमच्या घराचं छप्पर असलेल्या, वयानं आणि आवाजानं मोठ्या साओदत-आपास,

धाकट्या भावाचा, हबीबुल्लोचा, छातीवर हात ठेवून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाब कसा आहे? लेक शेरअली, सूनबाई आणि पोरं खुशाल आहेत ना? तिकडे बर्फ वितळला का, की अजून तुम्ही उन्हाळ्याची नुसती चौकशीच करताय? इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. (आम्ही सर्व म्हणजे मी आणि सहा कोंबड्या. सातवीला मार्चमध्ये कोल्ह्यानं नेलं, तिचं दुःख आता ओसरलंय.) कालव्याला पाणी वेळेवर सुटतं. नवा पाटकरी माझ्याइतका चोख नाही, पण माझ्याइतका भांडकुदळही नाही, असं लोक मला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणतात.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तू म्हणशील. फोन आहे. पण नवरोजला तू फोनवर म्हणालीस, "हबीब, माझी खोली कुणाला तरी भाड्यानं देऊन टाक, मी आता काही परत येत नाही," आणि मी "आपा, ऐक तरी" म्हणेपर्यंत ठेवून दिलास. त्यानंतर चार वेळा मी हा विषय काढला आणि चारही वेळा तुझी रेंज गेली. नोवोसिबिर्स्कसारख्या मोठ्या शहरात रेंज फक्त खोलीचा विषय निघाला की जाते, हे मला काही पटलेलं नाही. पत्राची रेंज जात नाही. पण घाबरू नकोस, खोलीबद्दल मी यात अवाक्षर काढणार नाही. हे पत्र नानबद्दल आहे.

शेरअली मला म्हणाला की तुझं खाणं फार कमी झालंय. दुकानातला पाव दोन घास चघळतेस, बाजूला सारतेस आणि म्हणतेस, आईचा तनबल नान असता तर खाल्ला असता. आता शुक्रवारी शेजारच्या तोजिनिसो खालाचा जावई बहरोम सुका मेवा घेऊन तिकडे विमानानं येतोय. मनात म्हटलं, पस्तीस वर्षं अख्ख्या खोऱ्याचं पाणी मोजून वाटलं, एक नान भाजणं म्हणजे काय मोठी गोष्ट. माझी मंझुरा असती तर तिनं मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच अडवलं असतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली, आता अडवायला कुणी नाही, त्यामुळे पुढचं सगळं घडलं.

तुला आठवतं का, आई जर्दाळू काढताना शिडीवरून पडली ते वर्ष? हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तिचं मनगट असं काही बसवलं की पुढची तीस वर्षं तिचा हात समोरच्याला "जरा थांबा" म्हणतोय असाच राहिला. मळणं बंद झालं. घरात खाणारी तोंडं सात. मग तिनं पिठात कोमट पाणी, खमीर, मीठ घातलं आणि लाकडी डावानं नुसतं ढवळलं. हाताशी येईल ते त्यात लोटलं, सुके जर्दाळू, सुकवलेल्या तुती, बेदाणे, खरबुजाच्या बिया, तीळ, कलौंजी. वर बाबांचा जुना रुईचा डगला पांघरला आणि दिवसभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी ते कढईत ओतून, झाकण ठेवून निवत चाललेल्या तंदूरात सोडलं. गल्लीतल्या बायकांनी त्याला नाव ठेवलं, तनबल नान. आळशी बाईचा आळशी नान. त्यावर आई म्हणायची, "तुम्ही पिठाला रोज बुकलून काढता. एक दिवस त्याचं त्याला मोठं होऊ द्या की." (आपल्या पाचही भावंडांना तिनं याच धोरणानं वाढवलं.) तू माझ्या तुकड्यातले जर्दाळू बोटानं कोरून काढायचीस आणि म्हणायचीस, बिया तुला, बियांनी डोकं चालतं. मी इतक्या बिया खाल्ल्या आणि पाटकरीच झालो. आपण दोघं छपरावर वाळत घातलेल्या जर्दाळूंच्या मधोमध झोपायचो, सकाळी तुझ्या वेणीला दोन-तीन चिकटलेले असायचे आणि ते मी खायचो. आपा, हे आठवणारं आता माझ्याशिवाय फक्त तूच आहेस. पाचांतले आपण दोघंच उरलो.

असो. नान.

पहिला प्रयत्न पाण्यानं बुडवला. आईचं माप मला कुणीच सांगितलेलं नाही, ती म्हणायची पीठ मागेल तितकं पाणी. मी पिठासमोर अर्धा तास बसलो, त्यानं काही मागितलं नाही. मग अंदाजानं घातलं आणि पिठाचा पाट झाला. शिवाय खमीर मंझुराच्या वेळचं, डब्यात पडून पडून त्यानं केव्हाच डोळे मिटले होते. भाजून जे निघालं ते कढईच्या बुडाच्याच आकाराचं आणि जवळपास त्याच जातीचं होतं. तोजिनिसो खाला कुंपणावरून म्हणाली, "पस्तीस वर्षं गावाचं पाणी मोजलंस आणि वाटीभर पिठाचं मोजता येईना होय रे?" आता नान कसाही झाला तरी टाकता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. कोंबड्यांपुढे ठेवला. त्यांनी दोन-दोन चोची मारल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. शेवटी चहात बुडवून बुडवून चार दिवस मीच संपवला.

दुसऱ्या वेळी नवं खमीर आणलं, पाणी हात राखून घातलं, पीठ टम्म फुगलं, सुगंध गल्लीभर गेला. आनंदाच्या भरात मी खालाला पहिला तुकडा नेऊन दिला. तुझ्या खोलीतल्या पोत्यातले जर्दाळू मी घातले होते (खोलीचा उल्लेख केवळ पोत्यापुरता) आणि ते बियांसकट वाळवलेले असतात हे जन्मभर इस्फाऱ्यात राहून माझ्या ध्यानात आलं नाही. खालाचा सोन्याचा दात गेला. म्हणजे गिळला नाही, हातात आला. ती रडली नाही, ओरडली नाही, दात रुमालात बांधला आणि तेव्हापासून रोज सकाळी कुंपणापाशी येऊन मला न बोलता हसून दाखवते. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं.

तिसरा नान झाला असता, पण त्याला दयेनं मारलं. मी पीठ ढवळून, बाबांचा डगला (हो, अजून आहे, बाह्या गेल्या आहेत) पांघरून दुपारच्या नमाजाला गेलो. परत येतो तर खाला ओसरीवर बसून, बाह्या सावरून, ते पीठ दोन्ही मुठींनी मळतेय. मी म्हटलं, "खाला, हे काय केलंत?" तर म्हणते, "बिचारं पोरक्यासारखं पडलं होतं रे. कुणी हातसुद्धा लावला नाही त्याला. मला बघवेना." तिला मी अर्धा तास समजावलं की न मळण्यातच सगळी गंमत आहे. ती म्हणाली, "तुझ्या आईचा हात मोडला होता. तुझा काय मोडलाय?" त्या पिठाचा चांगला गोल, सुबक, शहाणा नान झाला, अख्ख्या गल्लीनं तारीफ केली आणि त्यात आईची काही म्हणता काही चव नव्हती.

चौथा आज झाला. पहाटे ढवळला, दार लावून घेतलं, चावी खिशात टाकली. दिवसभर मी त्याच्याकडे पाहायचं नाही म्हणून तुझ्या खोलीत जाऊन बसलो. आता निघालंच आहे तर सांगतो, खोलीला गेल्या महिन्यात एक भाडेकरू आला होता, जनावरांचा डॉक्टर, सभ्य माणूस. मी त्याला सांगितलं की खोलीत ओल आहे. ओल नाही. दर गुरुवारी मी तुझ्या गाद्या उन्हात टाकतो, शिवणयंत्राला तेल देतो. तोही म्हणाला, ओल दिसत तर नाही. मी म्हटलं, दिसत नाही, हाडांत शिरते. तो निघून गेला. वर मला कमरेला लोकरी रुमाल बांधून निजा असा सल्ला देऊन गेला, तो मी पाळतोय.

संध्याकाळी झाकण काढलं आणि आपा, आई स्वयंपाकघरात आली. दुसरं काय लिहू मला कळत नाही. वरचा पापुद्रा तडकलेला, मधून जर्दाळू डोकावतोय, तीळ काळपट झालेले, तोच करपट-गोड वास. मी रिवाजाप्रमाणे नान सरळ ठेवला, सुरी लावली नाही, आणि समोर बसून सदुसष्टाव्या वर्षी हमसाहमशी रडलो. खाला वास काढत आलीच. तिनं कड मोडून उरलेल्या दातांनी सावकाश चावली आणि म्हणाली, "हाच." मग माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "साओदत घास न घेता गेली ना रे, म्हणून अडकली तिकडे."

हा रिवाज तुला आठवत असेल, घास घेतलेला नान माणसाला घरी परत आणतो. बाबा सैन्यात गेले तेव्हा दारात नानचा एक घास घेऊन गेले, उरलेला आजीनं भिंतीवर टांगला, दोन वर्षांनी येऊन त्यांनीच तो भिजवून संपवला. मी शिकायला खुजंदला गेलो तेव्हा माझा टांगला होता. आठ वर्षांपूर्वी तू निघालीस तेव्हा मंझुरा नान घेऊन दारात उभी होती, पण शेरअली टॅक्सीचा भोंगा वाजवत होता आणि तुझी कवळी पिशवीच्या तळाशी रुमालात. तू म्हणालीस, "या हिरड्यांनी मी काय चावू? दोन महिन्यांत येतेच आहे." तो अख्खा नान आम्ही त्याच रात्री चहाबरोबर खाल्ला. खिळा नुसताच राहिला. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण खिळा काढलेला नाही.

तर हा नान बहरोमबरोबर पाठवतो आहे. खा, तब्येत सांभाळ. सूनबाईला म्हणावं, गरम करू नका, कपड्यात गुंडाळून ठेवा. शेरअलीला माझा राग नाही हे सांग (आहे, पण सांगू नकोस). तुझ्या सावलीत राहो हा तुझा धाकटा भाऊ,

हबीबुल्लो

ता. क. जर्दाळूंच्या बिया मी स्वतः चष्मा लावून काढल्या आहेत. तरी कवळी जपून.

ता. क. दोन. वर "खा" लिहिलं ते खोडतो. खाऊ नकोस. एकच घास घे, कवळी लावून, दाताच्या खुणा उमटतील असा, आणि उरलेला नान बहरोमकडे परत दे, तो पुढच्या बुधवारी निघतोय. घास घराबाहेर घेतला तर चालतो का, हे मी इमामसाहेबांना विचारलं. ते हसून म्हणाले, हे किताबात नाही, बायकांना विचारा. खालाला विचारलं. ती म्हणाली, घास कुठंही घ्या, नान कुठं टांगला ते महत्त्वाचं. तेव्हा चुकूनसुद्धा तिकडच्या भिंतीवर टांगू नकोस, नाहीतर जन्मभर नोवोसिबिर्स्कला परतत राहशील.

ता. क. तीन. पाकीट बंद केलं होतं, खालानं उघडायला लावलं. ती म्हणते, साधा नान वाळतो, भिंतीवर वर्षानुवर्षं वाट बघतो, पण हा ओला, फळांचा, दहा दिवसांत बुरशी धरेल. मी हिशोब केला. बुधवारी इथं पोचला तर खिळ्यावर जेमतेम दोन दिवस टिकेल. टाकता येणार नाही, आणि ज्याचा घास त्याच्याशिवाय दुसऱ्याला तो संपवताही येत नाही. तेव्हा आपा, नान परत पाठवताना एकटा पाठवू नकोस.