संक्रांतीच्या आधी समुद्र

मंगळ. ७ जाने., मंगरूळपीर
सकाळीच माहा दीर रफिक बांगड्याच्या दुकानात येऊन बसला. म्हणे, "भाभी, संक्रांतीचं गिऱ्हाईक आहे. बेवाच्या हातून बांगड्या कोण भरन? तुमी घरी राहा."
लग्न झाल्यापासून बायाईचे हात मी धरत आली. हे फक्त माल आणत. आता हे वारले, मी बेवा झाली, त माहा हात बाटला?
घरी राहा म्हणते ना, मंग घरीही राहात नाही. सुनीताले फोन लावला. शाळेपासूनची मैत्रीण, आता रिसोडले अंगणवाडीत. म्हटलं, समुद्र पाहाले चाल.

बुध. ८
रफिक : "इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात बसाचे, ते संपले नाही त फिराले? लोक काय म्हणतीन?"
"सांग लोकाईले, भाभी समुद्रावर गेली."
"मंग दुकानाची आशा सोडा." चाबी मांगतली. नाही देली.
हे दर साली म्हणत, पुढच्या साली नेतो. आता कोणाच्या पुढच्या सालीसाठी थांबत नाही.

शुक्र. १०, मुरूड
पाह्यला. एवढं पाणी, अन् पिता येत नाही.
धरणावर ठेवतो तशा चपला पाण्याजवळ ठेवल्या, आमी पुढं गेलो. मागं पाहतो त माही एकच. नारळवाला म्हणे, "भरती आहे ताई. समुद्र काय तिथंच थांबतो?"
आमच्या इकडं थांबते बापा. बुरखा गुडघ्यापर्यंत ओला. हे गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसली. लाज नाही वाटली.

शनि. ११
जंजिरा. शिडाची होडी. पायरीवर उतरताना होडी डोलली, नावाड्यानं सुनीताले ओढलं, डाव्या हातच्या सगळ्या बांगड्या फुटल्या. किल्ल्यात तोफा, अन् चारी बाजूनं खारं असून आत गोड्या पाण्याचं तळं. लय वेळ बसलो तिथं.
मुरूडच्या बाजारात तिच्यासाठी हिरव्या घेतल्या. भरू लागली त तिनं हात मागं घेतला.
"इथं नाही. मंगरूळले भर. तुह्या दुकानाच्या पायरीवर, सगळ्याईसमोर."
"सणाचा मोकळा हात? तुही सासू..."
"बोंबलू दे तिले."

सोम. १३, भोगी
स्टँडवरून सरळ दुकान. नवं कुलूप. माही चाबी लागली नाही. रफिक समोर चहाच्या टपरीवर, उठलाही नाही.
पायरीवरच बसली. सुनीतानं हात पुढं केला. बाजारातल्या बाया थांबल्या. एक म्हणे, "अवं, सणाच्या दिवशी हिच्या हातून?"
सुनीता म्हणे, "भर."
तिचा पंजा दाबला, अंगठा आत मोडला. एक-एक चढवली. फुटली नाही एकही.
वर पाह्यलं त रफिक उभा. हातात नवी चाबी.
त्याच्या मांगून एका म्हातारीनं नातीले पुढं ढकललं. "लहान मापाच्या आहेत का वं?"
म्हटलं, "आहेत ना. आत आहेत. याले इचारा."