आयझानचा पुढचा भाग

कोच्कोर,
१४ नोव्हेंबर २००३

लाडक्या सालकिनला,
तुझ्या थोरल्या बहिणीचा, जाझगुल एजेचा सलाम, वि. वि.

सागिनदादांची, आपल्या सागिन बाइकेंची गाडी दुपारी तुमच्याकडे परत निघतेय, म्हणून घाईत लिहितेय. मी बरी आहे. चौथा महिना लागला. आईला, अपाला सांग, आंबट दह्याशिवाय काही जात नाही.

एर्मेक नवरा म्हणून चांगला आहे, पण बोलतच नाही गं. पाच महिन्यांत चार शब्द: मीठ, दार, घोडी, झोप. तुझी नि त्याची जोडी भारी जमली असती, दोघं भिंतीकडे बघत बसला असतात. एका खोलीत राहतो आम्ही, पण त्याला चहात साखर लागते की नाही ते अजून मला माहीत नाही. विचारलं की मान हलवतो, ती हो की नाही कोण जाणे! सासूबाई, म्हणजे एने, मात्र दोघांच्या वाटणीचं बोलतात. माझी भाकरी जाड, माझा सकाळचा वाकून सलाम अर्धवट. आणि वेगळं राहायचं नावच नको. एर्मेक धाकटा, म्हणजे घर त्याचं, आईवडिलांसकट.

मुख्य राहिलंच. आपली मालिका संपली ना? इथल्या टीव्हीवर विणलेला रुमाल असतो, तो पाहुणे आले तरच उचलतात. आयझान लग्न होऊन मारातच्या घरात शिरली, तिथपर्यंत मी आपल्या घरी बघितलं. पुढे ती कशी राहिली? सगळं लिही, काही गाळू नकोस.

माया पातळ करू नकोस.
तुझी एजे, जाझगुल


अत-बाशी,
२२ नोव्हेंबर

प्रिय एजे,
सालकिनचा सलाम, वि. वि.

इकडे वीज रोज संध्याकाळी जाते. पण शेवटचे भाग मी बघितले. हो, बघितले.

आयझानची सासू तुझ्या एनेसारखीच होती. पण आयझान सगळ्यांच्या आधी उठायची, उलट बोलायची नाही, नवऱ्याकडे तक्रार करायची नाही. चाळीस दिवस असं केलं. चाळिसाव्या दिवशी सगळे चहाला बसले होते. ती नेहमीसारखी सगळ्यांना ओतत होती, स्वतः शेवटी घेणार. तेवढ्यात मारातने तिच्या हातातली किटली घेतली आणि तिला पियाला भरून दिला. पूर्ण नाही, अर्धाच, मानाच्या पाहुण्याला देतात तसा. सासू हसली. आयझानही हसली.

मी काय तेच, मेंढ्या आणि शेण. दही पाठवलंय, झाकण सांभाळ.

मला विसरू नकोस.
सालकिन


कोच्कोर,
४ जानेवारी २००४

लाडक्या सालकिनला सलाम, वि. वि.

आयझानसारखं करून बघितलं. आज त्रेचाळिसावा दिवस. एने काही हसल्या नाहीत. तीन दिवस जास्तीचे दिले मी त्यांना, माझ्याकडून भेट.

एर्मेक आठवडाभर घोड्यांबरोबर वरच्या कुरणात असतो. नदीवरचं पाणी मीच आणते. बर्फ फोडायचा, दोन बादल्या, मग चढ. कंबर फार दुखते गं. आयझान थोडे दिवस माहेरी जाते का कुठल्या भागात? आईला ती कसं विचारते, तेवढं नीट लिही. शब्द न् शब्द.

जीव लावत राहा.
जाझगुल


अत-बाशी,
११ जानेवारी

प्रिय एजे, सलाम, वि. वि.

आयझानने गाठोडं बांधलं होतं. दारापर्यंत गेलीसुद्धा. पण मग परत फिरली. दुसऱ्याच दिवशी सासूने तिच्या हातातल्या बादल्या स्वतः घेतल्या. मग सगळं छान झालं.

अपा म्हणते, बर्फ वितळला की ये. पाळण्यासाठी लाल कापड पाठवतेय, कडा मी शिवल्यात.

राग नको मानूस.
सालकिन


कोच्कोर,
२७ जानेवारी

सालकिन,

कापड परत पाठवतेय. नदीच्या चढावर घसरले. सहावा महिना होता. मुलगा होता.

गाठोडं मीही बांधलं होतं. तुझं पत्र आलं, म्हणून सोडलं.

जाझगुल


अत-बाशी,
२ फेब्रुवारी

एजे,

मी काहीच बघितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात वीजच नव्हती. आयझान पुढे कशी राहिली ते मला माहीत नाही, मी बसून रचलं. तू खूश होशील असं वाटलं.

आणि तू माहेरचं विचारलंस ना, ते मी अपाला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, पोटुशी सून परत आली तर लोक म्हणतील, टाकली. म्हणाली, लिही की ती राहिली. मी लिहिलं.

कापड ट्रंकेत ठेवलंय. माया कर असं कुठल्या तोंडाने लिहू?

सालकिन


कोच्कोर,
१० फेब्रुवारी

सालकिन, सलाम.

दोन दिवस तुझ्यावर खूप रागावले. तिसऱ्या दिवशी कुणावर रागवायचं तेच कळेना.

एक गंमत सांगते. तुझी पत्रं मी रजयांच्या थप्पीखाली ठेवायची. एर्मेकने ती काढून वाचली, पण तुझं शेवटचं यायच्या आधी. त्याला वाटलं, टीव्हीवर खरंच असं दाखवलं. रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. त्याने उठून माझ्या हातातली किटली घेतली आणि मला चहा ओतला. अर्धा पियाला, अगदी बरोबर. एने उठून बाहेर गेल्या. तुझी आयझान हसली होती. मला नाही जमलं. चहा गार होईपर्यंत पियाल्यातच बघत बसले.

मग गोठ्यात येऊन विचारतो कसा, पुढच्या भागात ती जाते की राहते? म्हटलं, सालकिनला विचारते. तर म्हणाला, जायचं असेल तर मी स्वतः सोडायला येईन. चार शब्दांवरून इतका पुढे आलाय बिचारा, आणि मला त्याचं तोंड बघवत नाही. सोडूनही जाववत नाही.

तर लिही पुढचा भाग. या वेळी अपाला विचारू नकोस.

जाझगुल


अत-बाशी,
१६ फेब्रुवारी

माझ्या एजेला,
सालकिनचा सलाम, वि. वि.

पुढचा भाग मी लिहिणार नाही. लग्नातलं मला काय कळतं?

हे पत्र सागिन बाइके उद्या देतील. गुरुवारी त्यांच्या गाडीतून मीच येतेय. अपाला विचारलं नाही, सांगितलं. तुझी गादी तिने उन्हात टाकलीय.

एनेंसमोर माझी वाचा बसणार, हे आधीच सांगते. आठवीत फळ्यासमोर उभं केलं होतं तेव्हा बसली होती ना, मग मी शाळेत गेलेच नाही, तश्शी. मी दारात नुसती उभी राहीन. तुला यायचं असेल तर गाठोडं माझ्या हातात दे. राहायचं असेल तर बादल्या दे. मग बर्फ वितळेपर्यंत तुझं पाणी मी आणीन.

काहीतरी हातात दे म्हणजे झालं.

तुझीच,
सालकिन